मास्तरांचं बोट

माधव मास्तरांनी मला फसवलं. स्वातंत्र्य आलं त्या वर्षीच्या कापसाच्या हंगामात, धुळ्यात, माझ्याच आवारात बसून, मीच लावलेल्या पेपरातून फसवलं. आणि त्याच हंगामात मी करीमचाचांना फसवलं. पहिली गोष्ट गावाला माहीत नाही. दुसरी मी आजवर कुणापाशी कबूल केलेली नाही.

दिवाळी सरली की आमच्याकडे हवेत कापसाचे तंतू तरंगायला लागतात. दाराच्या कडीला, कोळ्याच्या जाळ्याला, माणसांच्या भुवयांना चिकटतात. या वर्षीही लागले. आता गाड्यांबरोबर ट्रकही येतात, पण पहाटेच्या थंडीत बैलांच्या अंगावरून निघणारी वाफ तीच, रुईचा तो कोरडा, किंचित गोडसर वास तोच. हा वास आला की बाकीच्या व्यापाऱ्यांना हुरूप येतो. मला शंका येतात. समोरचा माणूस नमस्कार करतो तेव्हा त्याचा दुसरा हात कुठे आहे ते मी आधी पाहतो. ही सवय मला त्या हंगामानं लावली.

तसा हातांकडे पाहायला मी आधीपासून शिकलेला होतो. आमच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल हातावर उपरणं टाकायचा, घेणाऱ्यानं त्याच्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून काय ते सांगायचं. याला हत्ता म्हणतात. वर चेहरा दगडासारखा, बोलणं पीकपाण्याचं किंवा सोयऱ्याच्या लग्नाचं, आणि कापडाखाली सगळा बाजार. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. पण मूठ मिटून ठेवायची नाही. हात दिला आणि मूठ मिटलेली ठेवली, तर त्याचा अर्थ एकच: तुझ्याशी व्यवहारच करायचा नाही. भावाचा प्रश्नच नाही, तूच नको. अशी मूठ माणसाला आयुष्यात एखाद्या वेळी मिळते, आणि मिळालेला माणूस ती कुणाला सांगत नाही.

मला हा हत्ता करीमचाचांनी शिकवला. मी साक्रीच्या पलीकडच्या कोरडवाहू गावचा. धुळ्याला आलो तो सरकी काढायच्या जिनमध्ये कापसाच्या गाठी उचलायला. अंगात ताकद आणि तोंडात शिव्या, एवढंच भांडवल. करीमचाचा जातीचे पिंजारी. गाद्या-रजयांसाठी लागणारा कापूस घ्यायला बाजारात यायचे, पण त्यांची खरी किंमत वेगळीच होती. बोंडातून चिमूटभर कापूस काढून दोन अंगठ्यांत ओढला की धागा किती लांब, माल कुठल्या जमिनीचा, वेचताना दव होतं की ऊन, हे ते सांगायचे. मोठमोठे व्यापारी त्यांना गाडीशी बोलावून नेत. मी गाठ टाकून त्यांच्यामागे उभा राहायचो. एकदा त्यांनी मागे वळून न पाहताच विचारलं, "काय देखी राहिना, भाऊ?" मी म्हटलं, "धागा." ते म्हणाले, "तू तं मनं तोंड देखी राहिना. धागा देख. मानूसनं तोंड खोटं बोलस."

असं शिकत शिकत मी दलाल झालो, मग माझं स्वतःचं आवार झालं. अक्षर मात्र एक येत नव्हतं. त्याची लाज वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. मला कोण फसवणार, मी हात वाचतो, असं छाती ठोकून म्हणायचो. आणि माझा स्वभाव असा की छाती ठोकायची तर चार माणसांना ऐकू जाईल इतकी.

आवार चालू लागल्यावर मी पेपर लावला. मुंबईचा पेपर चाळीसगावहून सकाळच्या गाडीनं यायचा. तो वाचायला माधव मास्तर यायचे. शाळेत मराठी शिकवत. आवाज असा की ऐकत राहावं. शाळा भरायच्या आधी ते आवारात बाजेवर बसायचे, मी चहा मागवायचो, गाड्यांवरून उतरलेले शेतकरी घोंगड्या पांघरून भोवती बसायचे. कुणी म्हणायचा, "मास्तर, आज पेपरमा काय शे?" मास्तर चष्मा पुसून सुरुवात करायचे. तासभर आमच्या आवारात दिल्ली, कराची, लाहोर सगळं येऊन जायचं. बाजारात माझी ऐट वाढली. लोक म्हणायचे, धोंडूशेठच्या आवारात नुसता कापूस नाही, अक्कलही मिळते.

वाचताना मास्तर उजव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवायचे. शाळेतली सवय. बोट डावीकडून उजवीकडे जायचं, परत यायचं, खालच्या ओळीवर उतरायचं. मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि बोटाकडे जास्त पाहायचो. चाचांची शिकवणच तशी होती.

त्या वर्षी दसऱ्यानंतर केव्हातरी मला पहिल्यांदा दिसलं की बोट थांबतं. मास्तर वाचत असायचे, बोट चालत असायचं, आणि मध्येच बोट एका जागी थांबायचं, पण तोंड चालूच राहायचं. आवाजही बदलायचा, जरा खाली यायचा, भरून यायचा. मग थोड्या वेळानं बोट पुन्हा चालू लागायचं आणि मास्तर साखरेच्या कार्डाबद्दल किंवा रॉकेलबद्दल वाचू लागायचे.

मी हे पाहिलं. मला ते कळलं नाही. मला वाटलं, मोठ्या बातम्या मास्तरांना पाठ होत असतील. किंवा मोठ्या बातम्या बारीक अक्षरात, एकाच जागी दाटीनं छापत असतील. वाचता न येणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं, ते वाचता येणाऱ्याला कधीच समजणार नाही.

ज्या बातम्यांना बोट थांबायचं, त्या सगळ्या एकाच चवीच्या असायच्या. कुठल्या गावात मशिदीत हत्यारं सापडली. कुठल्या विहिरीत काय टाकलं. कुठल्या मोहल्ल्यातल्या लोकांनी याद्या करून ठेवल्या. आणि शेवटी नेहमी दिल्लीतल्या म्हाताऱ्यावर यायचं. म्हातारा आपलं सगळं त्यांना देऊन टाकतोय. म्हातारा उपास करतोय तो त्यांच्यासाठी. "एवढं झाल्यावरही म्हातारा जिवंत का आहे," असं मास्तर एकदा वाचून गेले. मग चष्मा काढून म्हणाले, "असं छापलंय बरं, मी म्हणत नाही."

उखा नाना म्हणून साक्रीकडचे एक म्हातारे शेतकरी होते. माझ्या वडिलांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "मास्तर, तो बुवा इतला वाईट शे, तं पेपरवाला त्याना फोटू कसाले छापस?"

मास्तर हसून म्हणाले, "नाना, चोराचाही फोटो छापतात."

नानांनी तंबाखू मळली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आनी इतली मोठी बातमी एकाच ओळमा कशी मावनी?"

म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांचा कान लाल झाला. म्हणाले, "नाना, तार येते ती तरी किती ओळींची असते? वाचणाऱ्याला कळतं." आणि मी, मी नानांवर ओरडलो. माझ्या मास्तरांचा अपमान माझ्या आवारात खपणार नाही म्हटलं. नानांनी घोंगडी उचलली आणि आपल्या गाडीशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी आपला माल दुसऱ्या आवारात नेला. वर्षानुवर्षांचा माणूस. मला तेव्हा त्यांचाही संशय आला. म्हटलं, नाना त्या म्हाताऱ्याची इतकी बाजू का घेतात, यांचं तिकडे काही आहे का?

असा तो हंगाम होता. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्यावर विश्वास, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर संशय.

खोटं उगवायला जमीन लागते, आणि जमीन तयार होती, हेही सांगितलं पाहिजे. सौद्यासाठी मी जळगावला जायचो. चाळीसगावला गाडी बदलावी लागे. त्या फलाटावर सिंधकडून आलेली माणसं बसलेली असायची. एक बाई पितळेचा एकच तांब्या राखेनं घासत होती. घासून झाला की धुवायची, पाहायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. माझी गाडी येईपर्यंत तिनं तो किती वेळा घासला, देव जाणे. तिचं काय काय गेलं ते कुणी विचारलं नाही. ती बाई खरी होती. तिचं दुःख पेपरात छापलेलं असो वा नसो, खरं होतं. मास्तरांनी लबाडी केली ती हीच, की त्या खऱ्या दुःखाच्या गाठीत आपला माल भरला. वरून गाठ चांगली, आतून दगड. मी जन्मभर असल्या गाठी ओळखल्या. ही एक ओळखली नाही.

जळगावच्या बाजारात मी मास्तरांच्या बातम्या सांगितल्या. माझ्या तोंडून त्या आणखी जोरदार व्हायच्या, कारण मला कुठलीच गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही. "धुळ्याच्या पिंजाऱ्यांच्या गल्लीत पोतं भरून सुरे सापडले, पेपरात आलंय," असं मी चहाच्या दुकानात सांगितलं. आठवड्याभरानं बोदवडला गेलो, तर तिथला एक अनोळखी व्यापारी मला सांगतो, "धुळ्याला पिंजाऱ्यांच्या घरात दोन गाड्या भरून हत्यारं सापडली, तुम्हाला माहीत असेल." मला माझीच बातमी मोठी होऊन परत भेटली, आणि मी तिला ओळखलं नाही. उलट मला वाटलं, दोन ठिकाणी ऐकली, म्हणजे खरी.

पिंजाऱ्यांची गल्ली माझ्या आवारापासून हाकेच्या अंतरावर. रोज त्या गल्लीवरून जायचो. सुरे सापडले असते तर मला पेपर कशाला लागला असता? हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. गल्लीतून कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज यायचा, तो तारेचा टणत्कार. लहानपणापासून मला तो थंडीचा आवाज वाटायचा. त्या हंगामात मी तो ऐकला की पावलं जरा लवकर उचलायचो.

माझ्या रागाला एक खासगी कारणही होतं. लपवत नाही. आदल्या वर्षी चाचांनी चार व्यापाऱ्यांसमोर माझा नमुना पाहिला होता आणि म्हटलं होतं, "धोंडूना आवाज लंबा शे, धागा आखूड शे." सगळे हसले. मी पण हसलो. पण ते हसू माझ्या घशात वर्षभर अडकून बसलं होतं. मास्तरांची बातमी आली तेव्हा त्या हसण्याला जागा मिळाली.

जेवायला मी गोदाक्काच्या खानावळीत जायचो. गोदाक्का विधवा बाई, हाताला चव, तोंडाला धार. दुपारी पोथी वाचायची, म्हणून तिला वाचता येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बाईमाणसाकडून पेपर वाचून घ्यावा असं माझ्या मनात कधी आलं नाही. माझ्या मूर्खपणाचा हाही एक भाग. तर तिच्याकडे त्या हंगामात एक परगावचा माणूस उतरला. मास्तरांनी ओळख करून दिली, विमा एजंट. धोतर स्वच्छ, बोलणं गोड. मी हात पुढे केला तर त्यानं नुसता नमस्कार केला. हात दिलाच नाही. पंधरा दिवस राहिला, पण एकाही माणसाला विमा घे म्हणाला नाही.

गोदाक्का मला वाढताना म्हणाली, "धोंडू, तुझा हा एजंट कुणाचा विमा उतरवतो रे?"

"का, काय झालं?"

"काही नाही. माझ्या विम्याचं विचारलं, तर म्हणाला, बाई, तुम्हाला काही होणार नाही. मग मी म्हणते, होणार कुणाला आहे?"

मी तिला म्हटलं, तू भाकऱ्या बघ. तिनं पुढची भाकरी माझ्या ताटात जरा आपटूनच टाकली.

एजंट गेल्यावर एक बदल झाला. मास्तर येताना शाळेच्या वहीत एक घडी घेऊन येऊ लागले. पातळ कागद, हातानं लिहिलेला. पेपर उघडायच्या आधी ते तो कागद एकदा पाहायचे आणि बाहीत सारायचे. मी विचारलं, तर म्हणाले, शाळेचं टाचण. मी मान डोलावली. माझा हा डोलणारा माथा मला आठवतो तेव्हा तो माझा वाटत नाही.

आणि मग तो बाजाराचा दिवस. उन्हं नुकतीच चढली होती. आवारात गाड्या दाटलेल्या. त्या सकाळी मास्तरांनी सुऱ्यांची बातमी पुन्हा वाचली होती आणि वर जोडलं होतं की आपल्या माणसांनी अशा लोकांना कापूस देणं म्हणजे त्यांच्या हातात आपल्या गळ्याचा दोर देणं. शेवटच्या वेचणीचा एक डागी ढीग होता, गाद्यांनाच जाणारा. तो चाचांशिवाय दुसरं कुणी घेणार नव्हतं. चाचा आले. ढिगातून चिमूट काढली, अंगठ्यांत ओढली, मान हलवली. नेहमीसारखं मी हातावर उपरणं टाकलं. त्यांनी खाली हात घातला.

मी मूठ मिटून ठेवली.

त्यांची बोटं माझ्या मुठीवर आली आणि थांबली. वर आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो. भोवती माणसं होती, बैल होते, कुणीतरी शेंगा खात होता. कुणाला काही दिसत नव्हतं. चाचांनी माझ्या अंगठ्यावर एकदा हलकेच ठोकलं, दारावर ठोकावं तसं. मी मूठ आणखी आवळली. मला आठवतं, माझी नखं माझ्याच तळव्यात रुतली होती.

त्यांनी हात बाहेर काढला. कापडाखालून निघालेला हात लोक अंगावरच्या कपड्याला पुसतात, तसा त्यांनी पुसला नाही. म्हणाले, "तुना हात थंडा शे, धोंडू." एवढंच. आणि पुढच्या गाडीकडे गेले, काहीच झालं नाही असे, शेतकऱ्याची विचारपूस करत.

त्यानंतर बाजारात काय झालं ते मी पाहिलं नाही, पण मला कळलं. मी मूठ मिटली हे मी दोन दलालांना सांगितलं. सांगायचं नसतं, तरी सांगितलं, फुशारकीनं. त्यांनीही मिटली. मग आणखी कुणी मिटली असेल. कापडाखालची गोष्ट, किती जणांनी मिटली ते कोण सांगणार? चाचा रोज बाजारात यायचे, ढीग पाहायचे, आणि रिकाम्या हातानं परत जायचे. कुणी त्यांना वाईट शब्द बोललं नाही. कुणी दगड मारला नाही. तक्रार करायची तर करणार कुणाकडे, आणि काय करणार? माझ्याशी लोक मूठ मिटून बसतात, असं?

गल्लीतला टणत्कार विरळ होत गेला. थंडीच्या ऐन भरात पिंजाऱ्याची तार गप्प. एके सकाळी मी पाहिलं, चाचांच्या दाराला कुलूप. शेजाऱ्यानं सांगितलं, बिऱ्हाड घेऊन निघून गेले. कुठे? बऱ्हाणपूरला कुणी नातलग आहेत म्हणत होते. कुणी म्हणालं, पुढे आणखी कुठे. मी आवारात आलो. मास्तर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं, कटकट गेली." कुणाची कटकट, ते मी विचारलं नाही.

याच चाचांनी, त्या हंगामाच्या दहाएक वर्षं आधी आमच्या खानदेशातल्या एका खेड्यात म्हाताऱ्याची मोठी सभा भरली होती तेव्हा, सूत कातणाऱ्यांसाठी कापसाचे ढीगभर पेळू वळून दिले होते. म्हाताऱ्याच्या माणसांनी त्याच पेळूंचं सूत काढलं होतं. चाचा ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. मला ते आठवायला हवं होतं.

संक्रांत होऊन गेली होती. दिवस मावळताना, गाड्या सुटायच्या वेळेला, स्टेशनाकडून एक माणूस धावत आला. दिल्लीत म्हाताऱ्याला गोळ्या घातल्या. आवारात जो तो उभा राहिला. कुणी विचारलं, कधी? कुणी विचारलं, कुठे? उखा नाना त्या दिवशी शेजारच्या आवारात होते. त्यांनी कुंपणापाशी येऊन विचारलं, "गया का?" आणि तो माणूस हो म्हणाला, तेव्हा नाना खाली मातीतच बसले.

मास्तर शाळा सुटल्यावर येऊन बाजेवर बसले होते. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पकडला का?"

एवढाच प्रश्न. मी तो हजार वेळा उलटून पाहिला आहे. भला माणूसही असं विचारू शकतो. गुन्हेगार सापडावा म्हणून विचारू शकतो. पण आधी विचारण्यासारखं दुसरं इतकं काही असताना, हेच पहिलं का सुचावं? मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. ते बाहीत काहीतरी चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी पेपर आला, मास्तर आले नाहीत. बहीण आजारी म्हणून गावाला गेले. गावात दुकानं बंद, माणसं घोळक्यानं उभी, प्रत्येक घोळका दुसऱ्या घोळक्याकडे पाहत. माझ्या आवारात बसून मास्तर म्हाताऱ्याविरुद्ध वाचायचे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून माझ्याकडेही नजरा वळायला लागल्या. काळ्या चौकटीचा पेपर माझ्या हातात, आणि तो उलटा धरलाय की सुलटा, हेही मला चित्रावरूनच कळत होतं.

जुने पेपर मी फेकत नसे. कापसाचे नमुने बांधायला लागायचे. हंगामातले सगळे गठ्ठे कोपऱ्यात पडले होते. मी ते डोक्यावर घेतले आणि गोदाक्काकडे गेलो. म्हटलं, "अक्का, सुऱ्यांची बातमी काढून दे."

तिनं हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला. दुपार सगळी ती वाचत राहिली. एकेक पान उलटत, प्रत्येक ओळ. मी समोर बसलो होतो. साखर, कापड, रॉकेल, रेल्वेच्या वेळा, निर्वासितांच्या छावण्या, दिल्लीतली भाषणं, एका ठिकाणचा दंगा, दुसऱ्या ठिकाणी शांतता. शेवटी तिनं चष्मा काढला.

"नाही रे."

"नीट पाहिलंस?"

"धोंडू, तुझ्या धुळ्याचं नावच नाही यात. पिंजाऱ्यांचं तर नाहीच."

"विहिरीचं?"

"नाही."

"म्हातारा जिवंत का आहे, ते?"

तिनं पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "असं कोण छापील, बाबा?" ती म्हणाली. "आणि असं ऐकून तू चहा पाजत होतास होय?"

मी बऱ्हाणपूरला गेलो. आठ दिवस पिंजाऱ्यांच्या गल्ल्या हिंडलो. एकानं सांगितलं, धुळ्याचे एक करीमचाचा आले होते, महिनाभर होते, बोटं फार छान होती त्यांची. मग पुढे गेले. कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. परत आलो आणि गोदाक्काकडून अक्षरं शिकायला बसलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, मांडीवर पाटी. ती मला मारायची नाही, पण मी चुकलो की म्हणायची, "ओळ सोडू नकोस. बोट ठेव." प्रत्येक वेळी बोट ठेवताना मला मास्तरांचं थांबलेलं बोट दिसायचं.

दोन वर्षांनी मास्तर परत आले. शाळेत रुजू झाले. पोलिसांनी त्यांना कधी बोलावलं की नाही, मला माहीत नाही. बोलावलं असेल तर त्यांनी तिथंही गोड आवाजात वाचून दाखवलं असेल. भर पेठेत मी त्यांना गाठलं. विचारलं, "मास्तर, बोट का थांबायचं?"

त्यांना लगेच कळलं. एक क्षण त्यांचा चेहरा उघडा पडला. मग ते म्हणाले, "धोंडूशेठ, तुम्हाला जे ऐकायचं होतं, तेच मी वाचत होतो. मान तुम्ही डोलावत होता."

मी अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. लोकांना वाटलं, जुन्या व्यवहाराचं भांडण. बरंच झालं. पण त्यांचं ते वाक्य मला अजून सोडत नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं घेऊन माणूस किती लांब जाऊ शकतो, ते मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आज मास्तर निवृत्त होतात. गावानं सत्कार ठरवला आहे. छापील पत्रिका मला आली, ती मी स्वतः वाचली, ओळ न सोडता. 'ज्यांनी या शहराला वाचायला शिकवलं' असं त्यात आहे. समितीच्या माणसानं मला विचारलं, धोंडूशेठ, तुम्ही मास्तरांचे जुने स्नेही, दोन शब्द बोलाल का? मी हो म्हटलं. सभेत माझा आवाज चढेल आणि कुणी मला खाली बसवील, म्हणून हे आधी लिहून काढलं. याच्या प्रती मी समितीला, शाळेला आणि मास्तरांना पाठवतो आहे.

मास्तर, मी काय केलं ते मी लिहिलं. करीमचाचा कुठे असतील तिथे त्यांना हे कुणी वाचून दाखवलं, तर ते मला काय म्हणतील ते मी सोसेन. चाचांच्या मागोमाग बाकीचेही गेले; पिंजाऱ्यांच्या गल्लीत आज एकही पिंजारी नाही, आणि त्याला निम्मा मी जबाबदार आहे. उरलेल्या निम्म्याचं बोला. त्या बातम्या तुमच्या डोक्यातल्या होत्या, की त्या पातळ कागदावर कुणी लिहून पाठवत होतं? पाठवत होतं तर त्याचं नाव काय? दिल्लीत काय होणार आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? हार गळ्यात पडायच्या आधी उठून उभे राहा, आणि ज्या गावाला तुम्ही वाचायला शिकवलं म्हणतात, त्या गावाला हे एकदा तोंडानं सांगा.